हातात कांडी, मिनिटात रिपोर्ट: ‘क्वांटम’ मशीनला आजार खरंच कळतो का?

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ‘फुल बॉडी चेकअप’ शिबिर भरते. सुई नाही, रक्त नाही. लॅपटॉपला वायरने जोडलेली धातूची कांडी मिनिटभर मुठीत धरायची. लगेच प्रिंटरमधून पानेच्या पाने बाहेर येतात. त्यात हृदय, लिव्हर, किडनी, हाडे, व्हिटॅमिन अशा सगळ्यांचे आकडे असतात. अनेकदा शेजारच्या टेबलावर त्याच रिपोर्टमधली ‘कमतरता’ भरून काढणाऱ्या गोळ्या आणि पावडरी विकायला ठेवलेल्या असतात.

‘क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स अ‍ॅनालायझर’ अशा भारदस्त नावाने विकली जाणारी ही मशीन नेमके काय मोजते?

कांडीला काय कळते?

शरीरातील पेशींच्या चुंबकीय लहरी कांडी टिपते, असा दावा केला जातो. चुंबकीय अनुनाद हे तत्त्व खरे आहे. एमआरआय त्यावरच चालतो. पण त्यासाठी साधारण दीड ते तीन टेस्ला क्षमतेचे, काही टन वजनाचे चुंबक, रेडिओ लहरींची कॉइल आणि बाहेरच्या लहरी अडवणारी खोली लागते. कांडीत यातले काहीच नसते. तिला फार तर त्वचेतून वीज किती सहज वाहते, एवढे कळू शकते. तळहाताला घाम आला की तो आकडा बदलतो. त्यातून कोलेस्टेरॉल किंवा कॅल्शियम कळत नाही.

साध्या ग्लुकोमीटरलाही रक्ताचा थेंब लागतो. पट्टीवरच्या एन्झाइमची रक्तातील ग्लुकोजशी क्रिया होते आणि त्यातून तयार होणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. त्वचेला न टोचता शुगर मोजण्याचा दावा करणारी स्मार्टवॉच आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

मग रिपोर्ट ‘बरोबर’ कसा वाटतो?

कांडी हातात देण्याआधी वय, लिंग, उंची आणि वजन विचारून सॉफ्टवेअरमध्ये भरले जाते. साठीतल्या, वजन जास्त असलेल्या माणसाला ‘सांधे कमजोर, पचन मंद, कॅल्शियम कमी’ असे सांगितले, तर त्यातले काहीतरी लागू पडतेच. जे जुळते ते लक्षात राहते, उरलेले विसरले जाते.

२०० वर्षांहून जुना खेळ

अमेरिकेतील डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये दोन टोकदार धातूच्या कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की वेदना जाते, असा त्यांचा दावा होता. इंग्लंडमध्येही या कांड्या खपल्या. १७९९ मध्ये बाथ शहरातील डॉ. जॉन हेगार्थ यांनी धातूसारख्या दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांनी बरे वाटल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हाही फरक तेवढाच पडला. काम कांडी नव्हे, विश्वास करत होता.

१९२०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्बर्ट अब्राम्स यांनी रक्ताच्या एका थेंबावरून सगळे आजार ओळखणारी यंत्रणा आणली. उपचाराची यंत्रे ते भाड्याने देत, पण ती उघडायची नाहीत अशी अट असे. तपासणीसाठी कोंबड्याचे रक्त पाठवले गेले, तेव्हाही माणसाच्या आजारांची यादी परत आली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने नेमलेल्या समितीने १९२४ मध्ये ही पद्धत निरुपयोगी ठरवली.

कायदा काय सांगतो?

मधुमेह, कर्करोग यांसारख्या ठरावीक आजारांचे निदान किंवा उपचार करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीची यंत्रे आणि त्यांचे सॉफ्टवेअरही औषध कायद्याच्या कक्षेत आले आहे. यंत्रावरचे ‘सीई’ चिन्ह म्हणजे निदान अचूक असल्याचा पुरावा नव्हे.

खरे नुकसान कुठे?

रिपोर्ट वाईट आला, तर पावडरींवर पैसे जातात. जास्त धोका आहे तो ‘सगळे नॉर्मल’ आलेल्या रिपोर्टचा. छातीत दुखत असूनही ईसीजी टाळला जातो, शुगरची गोळी परस्पर बंद केली जाते.

शिबिरात काय विचारावे?

• मशीन काय मोजते आणि कोणत्या एककात?
• उत्पादक किंवा आयातदाराचा परवाना क्रमांक कोणता?
• रिपोर्टवर नोंदणीकृत डॉक्टरची सही आहे का?
• रिपोर्ट देणाराच औषध विकतो आहे का?

हेगार्थ यांची युक्ती आजही चालते. एकाच माणसाची दोनदा तपासणी करावी आणि दुसऱ्या वेळी वय व वजन वेगळे सांगावे. रिपोर्ट बदलला, तर आकडे शरीरातून नव्हे, भरलेल्या माहितीतून आले हे उघड होते.

तपासणीच करायची असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील नागरिकांची बीपी आणि शुगर मोफत तपासली जाते. तिथे बोटाला सुई टोचावी लागते, पण आकडा रक्तातून येतो.