दाराबाहेरचे दहा श्वास

ध्यान करा, असे आपण विहारात नेहमी ऐकतो. प्रश्न पडतो तो घरी आल्यावर. करायचे कधी आणि कोठे? खोली एक, माणसे सहा. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, गाडी गाठायची. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर विनाशुल्क असते. पण रोजंदारीवाल्याचे दहा दिवस बुडाले तर घर कसे चालायचे?

मी कारकून. एका संध्याकाळी साहेबांची बोलणी खाऊन घरी आलो. मुलीने सहीसाठी प्रगतिपुस्तक पुढे केले. ते न पाहताच मी तिच्यावर खेकसलो. पोर कोपऱ्यात जाऊन बसली. तिची आई म्हणाली, "साहेबाचा राग लेकरावर कशाला काढता?" मैत्रीभावनेवर भाषणे देणाऱ्या माझ्याकडे उत्तर नव्हते.

मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, बसताना, खाता-पितानाही सजग राहण्यास सांगितले आहे. म्हणजे आपली रोजची कामे ध्यानाच्या बाहेर नाहीत. मी केले ते असे :

नळावर नंबर येईपर्यंत पायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणावा.

गाडीत उभ्या-उभ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. ओढूनताणून बदलू नये.

घराच्या दाराबाहेर चप्पल काढण्यापूर्वी दहा श्वास मोजावेत. मन भटकले तर पुन्हा एकपासून. त्यात हार नाही, तोच सराव आहे.

रात्री त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुलांसह दोन मिनिटे शांत बसावे.

मशीनवर किंवा रस्त्यात मात्र डोळे मिटू नयेत. अनेक दिवस झोपच येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

कार्यकर्ते विचारतील, डोळे मिटून अन्याय मिटतो काय? मुळीच नाही. त्या साहेबांविरुद्ध मी लेखी तक्रार केलीच. पण रागाच्या भरात खरडलेला पहिला अर्ज फाडला आणि दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने, तारीखवार मुद्दे मांडून लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. सम्यक स्मृती हे त्याच मार्गाचे अंग. संघर्ष आणि स्मृती यांचे वैर नाही.

हल्ली माझी पावले वाजली की मुलगी आतूनच विचारते, "बाबा, दहा झाले का?" कधी सहाच झालेले असतात. मग मी बाहेर आणखी थोडा थांबतो.

जयभीम!