शिपाई, पट्टेवाला, चपराशी

कचेरीत फायली पोचवणाऱ्या, साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला मराठीत ‘शिपाई’ म्हणतात. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे सैन्य आणि ‘सिपाही’ म्हणजे सैनिक. १८५७च्या उठावाला ‘शिपायांचे बंड’ म्हटले गेले ते याच अर्थाने. पोलीस शिपायाच्या पदनामात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. कचेरीतल्या शिपायाकडे मात्र हुकूम झेलण्याचेच काम उरले.

‘प्यून’ची कहाणीही तशीच. पोर्तुगिजांच्या भाषेतून हिंदुस्थानात आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या पायासाठीच्या शब्दात आहे. प्यून म्हणजे मुळात पायी लढणारा. पुढे इंग्रजी कचेऱ्यांत तो निरोप्या झाला, तर स्पॅनिश अमेरिकेत हाच शब्द कर्जापोटी राबणाऱ्या मजुराला चिकटला. बुद्धिबळाच्या पटावरचे ‘प्यादे’ फारसी ‘पियादा’वरून आले, त्याचाही अर्थ पायदळातला सैनिक असाच. पायाशीच नाते सांगणारा मराठी ‘पाईक’ मात्र या घसरणीतून वाचला. तुकोबांच्या गाथेत पाईकावर अभंग आहेत, आणि आजही एखाद्या विचाराचा पाईक म्हणवून घेण्यात अभिमान वाटतो.

‘चपराशी’ शब्दामागे एक वस्तू आहे. फारसीत ‘चप’ म्हणजे डावा आणि ‘रास्त’ म्हणजे उजवा. ‘चपरास’ हे कमरपट्ट्याच्या बकलाचे नाव त्या जोडीवरून आल्याचे मानले जाते. पुढे पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यालाही चपरास म्हणू लागले. या बिल्ल्यावर खात्याचे किंवा कचेरीचे नाव कोरलेले असे, माणसाचे नव्हे. तो लावणारा चपराशी. बंगालकडे हा शब्द रूढ होता, मद्रासेत ‘प्यून’ चाले आणि मुंबई इलाख्यात त्याच माणसाला ‘पट्टेवाला’ म्हणत. बिल्ल्यामुळे रयतेवर त्याचा दरारा असे. साहेबापर्यंत अर्ज पोचणे पुष्कळदा त्याच्याच मर्जीवर असे. एरवी कनिष्ठ मानलेल्या या माणसाच्या हाती प्रत्यक्षात बरीच सत्ता होती, हे नुसत्या शब्दार्थावरून कळत नाही.

सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या कार्यालयांत अशा पदांना ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात मात्र ‘शिपाई’ हाच शब्द कागदोपत्री आणि बोलण्यातही चालू आहे.