दोन बाजारांपासून

शेगावला महाराजांच्या दर्शनबारीत माझ्या पुढची बाई शेजारणीला सांगत होती, "आता ते रागावतही नाहीत व." नवरा शांत झाल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली. ती काही डोक्यातून जाईना. म्हणून दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या एका गावात आशाताईंच्या मागे हिंडलो.

त्यांच्याकडे नैराश्य हेरणाऱ्या नऊ प्रश्नांचा कागद. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. 27 पैकी बेरीज 10 किंवा जास्त झाली की दवाखान्याची चिठ्ठी. छापलंय 'गेल्या दोन आठवड्यांत'. ताई विचारतात, "मांगच्या दोन बाजारांपासून कशात मन लागते का, भाऊ?"

ओसरीवर फवारणीचा पंप, बाजूला औषधाचा डबा. तो उग्र वास अजून नाकात आहे. भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कपाशी चांगली हाय, पण पाहू वाटत नाही. डोक्शात तेच ते फिरते."

ताईंनी 3 लिहिले.

'मन घट्ट कर' म्हणणाऱ्यांनी ही ओसरी पाहावी. मेंदूतलं एक जाळं स्वतःबद्दलच्या विचारांत रमतं; 'तेच ते फिरण्या'चा संबंध संशोधक त्याच्याशी जोडतात. दुसरं जाळं लक्ष कुठे द्यायचं, गोडी कशात, हे ठरवतं. 2024 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या बहुतेकांत हे दुसरं जाळं जवळजवळ दुप्पट पसरलेलं दिसलं. मनःस्थिती सुधारली तरी आकार तसाच. काही मुलांत तर आजार दिसण्याआधीच तो मोठा होता. दुप्पट! हिमतीला बोल लावून ते कसं आवरणार?

विचारत राहण्याचा मात्र उपयोग होतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाची माणसं अशीच गावोगाव काम करत होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं.

नववा प्रश्न मरणाचा. विचारल्यानं तो विचार मनात शिरतो, ही भीती खोटी. तरी ताईंनी आधी प्यायला पाणी मागितलं, पेन खाली ठेवला, मग विचारलं. भाऊ बोलले नाहीत. डब्याकडे पाहत राहिले.

ताईंनी वहिनींना बाजूला घेतलं. डबा शेजारच्यांच्या कुलपात गेला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आला.

"पुढच्या बाजाराले येतो दवाखान्यात," भाऊ पुटपुटले.

"बाजाराची वाट नाही पाहाची. उद्याच जाऊ, संगं."

डबा गेला होता. वास ओसरीवर तसाच होता.