निजामपुऱ्याच्या खिडक्या

पाऊस परतला, भिंतींची ओल वाळू लागली आणि दिवाळी महिन्यावर आली की, आपल्याकडच्या गृहस्थाचे लक्ष घराकडे वळते. रंग कोणता द्यायचा यावर घरात दोन पक्ष पडतात. रंगारी भिंत खरवडू लागला की खिडकीचे खरे रूप उघडे पडते. चार महिने फुगून बसलेले झडप आता कोठे मिटू लागलेले असते, चौकटीच्या खालच्या लाकडाला बोट लावावे तर भुगा हाती येतो, आणि एखादी बिजागरी केवळ जुन्या ओळखीखातर झडपाला धरून असते. मग कोणीतरी म्हणते, "या खिडक्या एकदाच्या काढूनच टाकू या." या एका वाक्यातून पुढे जो खर्च, जी धूळ आणि जे तंटे निघतात त्यांचा विचार आधी केलेला बरा. आणि तो करायचा तर भिवंडीच्या निजामपुऱ्यात उभे राहून करावा.

निजामपुराच का, असे वाचक विचारतील. भिवंडीच्या नगरपालिकेची स्थापना १८६४ सालची. आज ती महानगरपालिका आहे आणि तिच्या नावात भिवंडीच्या जोडीला निजामपूर अजून मानाने बसलेले आहे. वस्ती जुनी, गल्ल्या अरुंद, कामवारी नदी जवळ आणि पाऊस शंभर इंचांच्या आसपासचा. या सगळ्याच्या वर माग! १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, गिरण्यांचे काम बाहेर पडले आणि भिवंडीचे यंत्रमाग वाढत गेले. इथे घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक भिंतच काय ती असते. खाली धोट्याचे माग आणि वर बिऱ्हाड, हेही दृश्य नवे नाही. अशा ठिकाणी खिडकीकडून माणसाच्या ज्या अपेक्षा असतात त्या एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या. वारा आत यावा पण खडखडाट येऊ नये. उजेड यावा पण सुताचे तंतू येऊ नयेत. पाऊस बाहेर राहावा, चोर बाहेर राहावा, आणि वेळ आली तर घरातल्या माणसाला मात्र बाहेर पडता यावे. इथे जी खिडकी चालेल ती महाराष्ट्रात कोठेही चालेल.

आता काढायला निघालेली जुनी खिडकी कशी होती ते एकदा नीट पाहू या. सागाची चौकट, उभे लोखंडी गज आणि झडपे दोन नव्हे तर चार: दोन खाली, दोन वर. खालची मिटून वरची उघडी ठेवली की वारा येई, उजेड येई, आणि रस्त्याने जाणाऱ्याला घरातले काही दिसत नसे. दुपारी झोपायचे तर चारही मिटावीत. काही झडपांना झिलमिल्या असत, त्या थोड्या तिरक्या केल्या की काळोख राहून हवा खेळे. गरिबाच्या घरी झिलमिल्या नसत, पण झडपांचा हा हिशेब तोच असे. लाकूड प्रथम ठाण्याच्याच जंगलातले. १८५२ साली इंग्रजांनी दक्षिण ब्रह्मदेश घेतल्यावर रंगूनचा साग मुंबईच्या बंदरात उतरू लागला आणि ऐपतदार लोक त्याची चौकट अभिमानाने दाखवू लागले.

संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजांच्या 'विंडो'चा मूळ अर्थही वाऱ्याचा डोळा असाच आहे. दोन्हीकडच्या पूर्वजांना खिडकी म्हणताच आधी आठवला तो वारा. काच नंतर आली. आपल्याकडे तर ती फारच उशिरा आली. गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत, काही ठिकाणी ती अजून पाहायला मिळतात. एका जातीच्या कालवाचा चपटा, पातळ शिंपला चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवायचा. त्यातून पलीकडचे दिसत नाही, पण दुधासारखा मऊ उजेड झिरपतो. जुन्या मुंबईतही अशा खिडक्या होत्या. मग काच स्वस्त झाली आणि लोकांनी शिंपले काढून टाकले. त्या वेळीही घरोघर म्हाताऱ्यांनी नाके मुरडली असतीलच! सांगायचे एवढेच की, खिडकी बदलणे हे काही पाप नव्हे. पूर्वापार बदलत आलेली गोष्ट ती. प्रश्न आहे तो काय देऊन काय घ्यायचे याचा.

आज बाजारात जायचे तर पहिली भेट होते ती अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची. भारतात या धातूचे उत्पादन केरळात आलुव्याजवळ १९४३ साली सुरू झाले, तेव्हा त्याची ओळख पातेल्यांपुरतीच होती. आता भिवंडीत एखाद्या नाक्यावर उभे राहून वर पाहावे तर दहातल्या सात-आठ खिडक्या त्याच. दुकानातला संवादही ठरलेला.

"वहिनी, स्लायडिंगच घ्या. गंज नाही, वाळवी नाही, जागा अडत नाही. स्क्वेअर फुटाचा भाव लावून देतो."

"पण भाऊ, उघडणार किती?"

"पूर्ण सरकते की!"

सरकते हे खरे, पण जाते कोठे? दुसऱ्या काचेच्या मागे! चार फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी म्हणजे सोळा चौरस फूट. झडपे उघडली की गज सोडून ती सगळी वाऱ्याला मोकळी. तीच सरकती केली की जास्तीत जास्त आठ चौरस फूट मोकळी होणार, आणि तेवढ्यापुढेही डासांची जाळी. पैसे सोळांचे, वारा आठांचा! उन्हाळ्यात ही अर्धी खिडकी अंगाला कळते आणि विजेच्या बिलालाही कळते. वहिनींनी विचारलेला प्रश्न प्रत्येकाने विचारावा, आणि उत्तर 'पूर्ण' असे आले तर दुकानातली नमुन्याची खिडकी स्वतः सरकवून हातभर पट्टीने मोजावी.

पण निजामपुऱ्यात सरकती खिडकी खरी हरते ती आवाजापुढे. धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज नव्वद ते शंभर डेसिबलपर्यंत असतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत निवासी वस्तीसाठी मर्यादा आहे ती दिवसा ५५ आणि रात्री ४५. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दरी केवढी ते समजेल. लोकांची समजूत अशी की, काच जाड घेतली की काम झाले. दुकानदारही ती समजूत मोडत नाही, कारण जाड काचेला भाव जास्त. वस्तुस्थिती अशी की, चार-पाच मिलिमीटरची साधी काच नीट बंद बसली तर पंचवीस-तीस डेसिबल अडवते. काच दुप्पट जाड केल्याने त्यात थोडीच भर पडते. मात्र खिडकीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी फट म्हणून उघडा राहिला, तरी बाकीच्या जागी पोलाद बसवा, एकंदर वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. आवाज पाण्यासारखा आहे; घागर किती जाड आहे ते तो पाहत नाही, भोक कोठे आहे ते पाहतो. आणि सरकत्या खिडकीला सरकण्यासाठी फट ठेवावीच लागते! तिथे ब्रशाची केसाळ पट्टी असते. ती धूळ अडवते, आवाज नव्हे.

म्हणून मागाच्या बाजूची खिडकी झडपाचीच हवी, जी मिटताना रबराच्या पट्टीवर दाबली जाईल आणि खटका फिरवला की दोन-तीन ठिकाणी घट्ट धरेल. अशी झडपे लाकडात होतात, अ‍ॅल्युमिनियममध्ये होतात, आणि 'यूपीव्हीसी' नावाच्या कडक प्लास्टिकमध्येही होतात. हे प्लास्टिक जर्मनीने १९५० च्या दशकात खिडकीला लावले. त्याचे कोपरे तापवून सांधतात त्यामुळे तिथे फट राहत नाही. पण आपल्या उन्हात ते वाकू नये म्हणून आत लोखंडी पट्टी आहे ना, हे विचारून घ्यावे. पैसे जास्त असतील तर मध्ये चिकट पडदा असलेली दोन थरांची काच घ्यावी. नुसत्या जाड काचेपेक्षा ती आवाज बरा मारते. आणि हे सगळे करण्याआधी रात्री माग चालू असताना एकदा भिंतीला तळहात लावून पाहावा. भिंतच थरथरत असेल तर तो आवाज जमिनीतून आणि विटांतून येतो आहे. त्याला जगातली कोणतीही खिडकी अडवणार नाही. तिथे खिडकीवर पैसा घालू नये. मागाच्या मालकाशी बोलून मागांच्या पायाखाली रबरी बैठक घालता येते का ते पाहावे.

खिडकी मिटली की वारा बंद झाला, हे ओघानेच आले. म्हणून सगळ्या खिडक्या एकाच तऱ्हेच्या करण्याचा हट्ट सोडावा. मागाच्या बाजूला घट्ट मिटणारे झडप. नदीकडच्या किंवा अंगणाच्या बाजूला भरपूर उघडणारे. मोरीत वर झिलमिली. बाहेरून घर एकसारखे दिसत नाही अशी तक्रार नातेवाईक करतील. त्यांना एक रात्र मुक्कामाला ठेवून घ्यावे.

आता जुन्या चौकटीविषयी. चौकट काढण्याची घाई करू नये. पेचकसाचे टोक चौकटीत ठिकठिकाणी रुतवून पाहावे. साग बहुधा खालच्या लाकडात कुजतो, कारण पाणी तिथे थांबते. उभी लाकडे पुष्कळदा शाबूत असतात. कुजलेला तुकडा कापून तिथे नवा जोडणारा सुतार अजून मिळतो. चौकट ठेवून नवी झडपे केली की खर्च वाचतो आणि भिंतही वाचते. शिवाय जुन्या सागाला बाजारात चांगले गिऱ्हाईक असते. "जुने सामान आम्हीच उचलून नेऊ, त्याचे काही पैसे नकोत," असे कोणी उदारपणे म्हटले, तर त्या उदारपणाचा भाव आधी बाहेर विचारून यावा.

भिंत वाचते असे म्हटले ते उगाच नव्हे. जुन्या घरात सिमेंटचे खांब नसतात. वरचा सगळा भार विटांच्या भिंतीवर, आणि खिडकीवरचा भार लाकडी तुळईवर किंवा विटांच्या कमानीवर. कित्येक ठिकाणी तुळई थकलेली असते आणि तिचे ओझे मुकाट्याने चौकटीनेच घेतलेले असते. अशा जागी कारागीर येऊन छिन्नी-हातोडा चालवतो, 'मोठी काच छान दिसेल' म्हणून भोक हातभर वाढवतो, आणि पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्याला तिरपा तडा जातो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. ती काही खिडकीपायी पडली असे मला म्हणायचे नाही. पण ज्या गावाने ते पाहिले आहे, तिथे भिंतीला हात घालण्यापूर्वी इंजिनियरला बोलावण्याची फी कोणाला जड वाटू नये.

भाड्याच्या घरात आणखी एक पेच असतो. भाडेकरू म्हणतो मालकाने करावे, मालक म्हणतो राहणाऱ्याने करावे, आणि मधल्या मध्ये खिडकी पावसात भिजते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले तर घर खाली करण्याची पाळी येते. पण 'पक्के बांधकाम' कशाला म्हणू नये याच्या यादीत हवेसाठी आवश्यक अशी खिडकी पाडणे याचा उल्लेख आहे, नगरपालिकेची परवानगी लागत असेल तर ती घेऊन. इतक्या रुक्ष कायद्यालाही वारा आठवला याचे मला कौतुक वाटते. भांडणापेक्षा एका कागदावर दोघांच्या सह्या बऱ्या, हे वेगळे सांगायला नको.

गजांचे मात्र गांभीर्याने घ्यावे. हल्ली खिडकीबाहेर पिंजऱ्यासारखी जाळी काढतात, तिच्यात कुंड्या, बादल्या, जुने ट्रंक, सगळा संसार मावतो. चोर अडतो यात शंका नाही. पण सुताच्या गावात आग लागायला वेळ लागत नाही, अरुंद जिना धुराने भरला की खिडकी हीच वाट उरते, आणि ती वाट आपणच वितळजोड करून बंद केलेली असते. प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीच्या जाळीत माणूस निघेल एवढे दार ठेवावे, ते आतून उघडणारे असावे, आणि त्याची किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगलेली असावी. कपाटात, साड्यांच्या घडीखाली नव्हे. मुलांना ती जागा ठाऊक असावी. दारासमोर सामान रचू नये, हे घरातल्या मोठ्यांना सांगावे लागते.

राहता राहिले मोजमाप आणि बसवणे. जुन्या भिंतीत काटकोन क्वचितच सापडतो. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजावी, उंचीही तीनदा, आणि सर्वांत लहान माप धरावे. दोन्ही कर्ण मोजले की वाकडेपणा किती ते कळते. कारागिराच्या पिशवीत ओळंबा, गुण्या आणि पाणसळ आहे की नाही ते पाहावे; नुसत्या डोळ्याने काम करणारा कलावंत आपल्या उपयोगाचा नाही. माप पाऊस संपल्यावर, भिंत आणि लाकूड वाळल्यावर घ्यावे. बाहेरचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता बसवावा आणि त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच पाडावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच गळून पडते. सरकती खिडकी घेतलीच, तर खालच्या पट्टीला पाणी निघण्याची भोके असतात. पुष्कळ कारागीर सफाईच्या भरात ती सिलिकॉनने बुजवून टाकतात आणि पहिल्याच सरीला घरात तळे होते.

शेवटचा हप्ता हातात ठेवावा. बाहेरून पाण्याची नळी धरून खिडकी पाच मिनिटे भिजवावी आणि आत कोरड्या फडक्याने चारही कोपरे पुसून पाहावेत. मग झडपात कागदाचा कपटा धरून ते मिटावे. कपटा ओढला की सहज निघत असेल तर रबर नीट बसलेले नाही. आणि आवाजाची परीक्षा रात्री घ्यावी, माग चालू असताना. मागांना सुट्टी असते त्या दिवशी कोणतीही खिडकी पास होते.