तुमच्या पाकिटातले तीन विजेते : लोगो स्पर्धांकडून छोट्या उद्योजकाने काय शिकायचं?



एक काम करा. पाकीट काढा. त्यातून 500 ची नोट आणि आधार कार्ड बाहेर घ्या. तुमच्या हातात आत्ता तीन डिझाइन स्पर्धांचे विजेते आहेत.

पहिला, नोटेवरचं रुपयाचं चिन्ह. दुसरा, नोटेच्या मागच्या बाजूचा गांधीजींचा चष्मा, म्हणजे स्वच्छ भारतचा लोगो. तिसरा, आधारवरचा लाल-पिवळा सूर्य आणि त्यातला बोटाचा ठसा. तिन्ही खुल्या स्पर्धांतून निवडले गेले. आणि त्यातला चष्मा आला तो आपल्या कोल्हापुरातून!

डिझाइनचा धंदा सुरू करायचा असो, किंवा स्वतःच्या दूध, मसाले, पापडाच्या धंद्याला लोगो हवा असो, या तिघांकडे नीट बघा.

कोल्हापूरचा चष्मा

2014 साली सरकारच्या मायगव्ह पोर्टलवर स्पर्धा झाली. कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांचा लोगो निवडला गेला. बक्षीस 50 हजार रुपये. खालची 'एक कदम स्वच्छता की ओर' ही ओळ राजकोटच्या भाग्यश्री शेठ यांची, त्यांना 25 हजार. 2 ऑक्टोबर 2014 ला अभियान सुरू झालं.

आता डिझाइन बघा. झाडू नाही, कचऱ्याचा डबा नाही. फक्त चष्मा. एका काचेवर 'स्वच्छ', दुसऱ्या काचेवर 'भारत'. गांधीजींचा चेहरा न काढताही गांधीजी दिसतात. गावातला पेंटर एका रंगात, एका ब्रशने भिंतीवर काढू शकतो. घंटागाडीवर काढा, शौचालयाच्या दारावर काढा, ओळखू येतोच.

तुमच्या लोगोची परीक्षा हीच. एका रंगात चालतो का? टेम्पोच्या फळीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत, दोन्हीकडे ओळखू येतो का? नाही? मग त्यातलं काहीतरी कमी करा.

रुपयाच्या चिन्हाचं गणित

ही स्पर्धा 2009 ची. प्रवेशिका आल्या तीन हजारांहून जास्त. त्यातून पाच अंतिम फेरीत गेल्या आणि 15 जुलै 2010 ला डी. उदय कुमार यांचं डिझाइन मंजूर झालं. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ, वर शिरोरेघ. विजेत्याला अडीच लाख.

ऐकायला भारी वाटतं ना? आता भागाकार करा. अडीच लाख भागिले तीन हजार. एका प्रवेशिकेच्या वाट्याला सरासरी जेमतेम 83 रुपये येतात. आणि प्रवेश फी होती 500 रुपये!

म्हणून स्पष्ट सांगतो : स्पर्धा हा धंदा नाही. महिन्याचं दुकानभाडं स्पर्धेच्या बक्षिसावर अवलंबून ठेवू नका.

मग भाग घ्यायचाच नाही का? घ्या की! पण जिंकायला काय लागतं तेही बघा. उदय कुमार आयआयटी मुंबईत डिझाइन शिकले, तमिळ अक्षरांचा त्यांनी कितीतरी वर्षं अभ्यास केला. हे चिन्ह त्या अभ्यासातून आलं, एका रात्रीच्या कल्पनेतून नाही.

भाग घेण्याआधी तीन गोष्टी वाचा

एक, हक्क कुणाचा? बहुतेक स्पर्धांत जिंकलेल्या डिझाइनचे सगळे हक्क आयोजकाकडे जातात. पण न जिंकलेल्या डिझाइनचेही जातात का, हे नियमांत नक्की शोधा. जात असतील तर बाजूला व्हा.

दोन, वेळेची मर्यादा. महिन्याला एक स्पर्धा, त्यासाठी दोन संध्याकाळी. बाकी वेळ गिऱ्हाइकाला.

तीन, हरलेलं काम फेकू नका. हक्क तुमच्याकडे असतील तर ते तुमच्या नमुन्यांच्या फाइलमध्ये लावा. नवीन डिझायनरकडे दाखवायला काम नसतं, ही खरी अडचण असते. ती इथे सुटते.

लोगो बनवून घेणाऱ्यांनी हे ऐका

'पैसे दिले, लोगो माझा झाला' असं नसतं. बाहेरच्या डिझायनरकडून काम करून घेतलं तर कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो. तो तुमच्या नावावर करायचा तर लेखी आणि सहीचं पत्र लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाचच वर्षं धरतो. म्हणून एक पान लिहून घ्या, मुदतीसकट.

दुसरं म्हणजे ट्रेडमार्क. वैयक्तिक अर्जदार आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. पण नुसतं गावाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणं अवघड असतं. तुमचं स्वतःचं नाव किंवा चिन्ह त्याला जोडा.

आणि हिवरे बाजारचा लोगो?

आठवतोय का? नाही ना! तरी अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे छोटंसं गाव देशभर माहीत आहे. 1989 पासून पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, श्रमदान केलं, पाणलोटाची कामं केली. पाऊस किती पडला आणि पाणी किती उरलं, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. ऊस-केळीसारख्या पाणीखाऊ पिकांना नाही म्हटलं. नुसतं नाव ऐकलं की 'पाणी' आठवतं, यालाच ब्रँड म्हणतात.

लोगो म्हणजे दुकानाची पाटी. आत माल नसेल तर नुसत्या पाटीचा काय उपयोग? आणि माल चांगला असेल तर पाटी साधी, स्वच्छ आणि स्वतःच्या हक्काची असू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा लोगो, किंवा मनातली कल्पना, काळ्या पेनाने कागदावर काढा. आकार एक रुपयाच्या नाण्याएवढा. तीन अनोळखी गिऱ्हाइकांना दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : 'हे कशाचं दुकान असेल?'

आपण काही समजावून सांगायचं नाही. फक्त उत्तर लिहून घ्यायचं. तिघांपैकी दोघांनी बरोबर सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात हक्काचं पत्र आणि ट्रेडमार्कच्या अर्जाच्या तयारीला लागा.