सीएचा अभ्यास आणि घरचा गाडा: दोन्ही कसं सांभाळायचं?

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची ये-जा सुरू होते. कॉमर्सच्या मुलामुलींचे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "टीचर, मुलगी सीए करायचं म्हणतेय. जमेल का तिला?" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, जरा हळू आवाजात. "चार-पाच वर्षं ती पुस्तकातच राहिली, तर घराचं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही गुणपत्रिका बघून देऊ शकतो. खरा अवघड प्रश्न दुसरा आहे. हुशार मुलं या परीक्षेत अडकतात ती बऱ्याचदा डोकं कमी म्हणून नाही. घर आणि अभ्यास यांचा हिशेब कुणी मांडलेलाच नसतो म्हणून अडकतात. तो हिशेब आज आपण मांडू.

आधी अभ्यासाचा आवाका समजून घ्या

सीएची परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था घेते. १९४९ च्या कायद्याने ती स्थापन झाली. परीक्षेचे तीन टप्पे आहेत: फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. फाउंडेशनला चार पेपर असतात. इंटर आणि फायनलला प्रत्येकी सहा, तीन-तीन पेपरच्या दोन ग्रुपमध्ये. २०२३ च्या नव्या योजनेप्रमाणे इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले की दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. ती संपल्यावर सहा महिने अभ्यास आणि मग फायनल.

सगळं पहिल्या फटक्यात निघालं तर बारावीनंतर साधारण चार वर्षं लागतात. पण पहिल्या फटक्यात सगळं निघणारे थोडेच. म्हणून घरच्यांनी मनात पाच-सहा वर्षं धरूनच हो म्हणावं. "बघू, एक वर्ष करून बघ" असं म्हणून ही गाडी सुरू करू नये.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावी लागते. आकडेमोड त्यांना जमते, अडतं ते कायद्याच्या पेपरात, कारण तिथे उत्तर वाक्यांत मांडायचं असतं. म्हणून अशा मुलांनी फाउंडेशनच्या आधीपासून रोज अर्धा तास कायद्याच्या पुस्तकाचं एक पान वाचून, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत लिहून काढावं. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

पासची खरी गोम

पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याबरोबर एकूण ५० टक्केही लागतात, इकडे घरच्यांचं लक्ष नसतं. इंटरच्या एका ग्रुपचे तीन पेपर म्हणजे ३०० गुण. प्रत्येकात ४० आणि मिळून १५०.

आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे, यंत्रमाग कामगाराची मुलगी. इंटरच्या पहिल्या ग्रुपला तिला ४४, ५२ आणि ४७ मिळाले. बेरीज १४३. तिन्ही पेपरात पास आणि ग्रुप नापास, तोही सात गुणांनी. घरात कुणालाच हे कळेना. तिची अम्मी गुणपत्रिका घेऊन शाळेत आली. "टीचर, सगळ्यात चाळीसच्या वर आहे, मग नापास कशी? पोरगी काही लपवतेय का?"

आम्ही त्या माउलीला पाटीवर बेरीज करून दाखवली. आणखी एक नियमही सांगितला. ग्रुप राहिला, पण सगळे पेपर देऊन एखाद्यात ६० किंवा जास्त पडले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूट मिळते. म्हणजे सगळे विषय सारखे ढकलण्यापेक्षा एक विषय साठच्या वर नेणं शहाणपणाचं. ४०, ४० आणि ७० झाले तरी बेरीज १५० होते आणि ग्रुप निघतो.

अम्मी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "परीक्षेच्या महिन्यात घरी तीन दावती झाल्या. दोन दिवस ती भांड्यांतच होती. तिनं सांगितलं असतं तर मी उठवलं असतं तिला तिथून. पण बोललीच नाही ती." सात गुण कुठे गेले, ते त्या दिवशी आम्हाला दोघींच्या घरच्या गोष्टीतून कळलं.

आठवड्याचे १६८ तास

मुलं म्हणतात, वेळच मिळत नाही. आम्ही त्यांना वही काढायला लावतो. आठवड्याचे तास १६८. आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा हिशेब घेऊ.

झोप रोज सात तास, झाले ४९. ऑफिस आठवड्याला ३५. जाण्यायेण्याचे दोन तास, सहा दिवसांचे १२. नमाज, जेवण, आंघोळ मिळून रोज तीन तास, झाले २१. घरचं काम रोज दीड तास धरलं तर साधारण १०. एकूण १२७. उरले ४१ तास.

यातले निम्मे पाहुण्यात, आजारपणात, थकव्यात जातील असं धरलं, तरी वीस तास हातात राहतात. रोजचे तीन तासही न भरणारे हे वीस तास वर्षभर टिकले, तर शेवटच्या महिन्यात रात्री जागवाव्या लागत नाहीत. झोपेत मात्र कपात करू नका. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी ऑफिसात डुलक्या घेणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. वाचलेलं टिकत नाही, वर चिडचिड वाढते ती वेगळीच.

घर लहान आहे, मग?

भिवंडी, मुंब्रा, मालेगावच्या वस्त्यांत मुलाला वेगळी खोली कुठून आणायची? एका खोलीत सहा माणसं, वर टीव्ही. आम्ही तीन उपाय सुचवतो.

एक, फजरनंतरचे दोन तास. घर तेव्हा शांत असतं. अवघड विषय त्याच वेळेला ठेवायचा.

दोन, बाहेरची जागा. नगरपालिकेची अभ्यासिका, शाळेचा रिकामा वर्ग, मामूचं वरचं घर. मुलींच्या बाबतीत जाण्यायेण्याची सोय वडिलांनी किंवा भावाने लावून द्यावी. सोय न करता नुसतं "बाहेर नको" म्हणणं म्हणजे अभ्यासालाच नको म्हणणं.

तीन, भिंतीवर कागद. त्यावर पुढच्या परीक्षेची तारीख आणि आठवड्यात अभ्यासाचे ठरलेले तास मोठ्या अक्षरांत लिहायचे. आल्यागेल्याला सांगावं लागत नाही, कागदच बोलतो.

क्लासची फी परवडत नसेल तर घाबरू नका. संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्याससाहित्य, जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं आणि सराव परीक्षा मोफत मिळतात. त्यातल्या सराव परीक्षा घड्याळ लावून, तीन तास न उठता सोडवाव्यात. घरच्यांनी ते तीन तास तिला हाक मारू नये.

रमजान आणि लग्नसराई

परीक्षा आता वर्षातून तीन वेळा होतात, साधारण जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी तो मे महिन्यात होता, आता फेब्रुवारीत आला आहे, आणखी थोड्या वर्षांत जानेवारीच्या परीक्षेला भिडेल. म्हणजे रोजे आणि अभ्यास यांची सांगड घालणं कुणालाच टळणार नाही.

आमचा अनुभव असा: रमजानमध्ये नवीन धडा कमी घ्यावा, उजळणी जास्त करावी. सहरीनंतरचे दोन तास आणि जोहरनंतरची एक झोप, एवढं धरलं तरी महिना वाया जात नाही. इफ्तारीची तयारी मात्र एकट्या मुलीच्या अंगावर टाकू नका. भजी तळायला घरातला मुलगाही उभा राहू शकतो.

लग्नसराईचं गणित सोपं आहे. निकाहला जा, वलीम्याला जा. आधीचे चार दिवस आणि नंतरचे दोन दिवस मात्र अभ्यासाचे ठेवा. नातेवाइकांना वाईट वाटेल, पण परीक्षेची तारीख महिनाभर आधी सांगितली तर बहुतेक लोक समजून घेतात.

थांबायचं की चालू ठेवायचं?

हा प्रश्न अनेक घरांत येतो. आमचा एक विद्यार्थी इंटरला तीनदा अडकला. वडील आजारी पडले, घर त्याच्यावर आलं. आज तो एका दुकानदारांच्या पेठेत जीएसटीची विवरणपत्रं भरतो, हिशेब लिहितो आणि चार भावंडांचं शिक्षण करतो. त्याची तीन वर्षं फुकट गेली असं आम्ही कुणाला म्हणू देत नाही. जे शिकला त्यावरच तो कमावतो आहे.

थांबायचं असेल तर आकडे बघून थांबावं, टोमण्यांनी नव्हे. दर प्रयत्नाला गुण वर चढत असतील तर आणखी एक संधी द्या. दोन-तीन प्रयत्न गुण तिथेच राहिले, तर शिक्षकांशी बसून पद्धत बदला किंवा वाट बदला.

त्या सात गुणांच्या मुलीला मधल्या काळात एक स्थळही आलं होतं. तिच्या अब्बूंनी मुलाकडच्यांना सांगितलं, "पुढचा निकाल लागेपर्यंत थांबा. नाही थांबलात तरी नाराज होणार नाही." ते थांबले नाहीत. पुढच्या प्रयत्नात तिचा ग्रुप निघाला, दुसराही निघाला. आता ती आर्टिकलशिपला आहे. फायनल अजून बाकी आहे आणि पुढे काय होईल ते अल्लाहला माहीत.

पण परवा तिची अम्मी भेटली तेव्हा सहज म्हणाली, "टीचर, आता दावत ठेवायची असली तर मी आधी भिंतीवरचा कागद बघते." प्रत्येक घरात असा एक कागद लागावा, इन्शाअल्लाह.