विदर्भातील महाविद्यालयीन इमारतींचे शीतलीकरण : छत, कूलर आणि सौरऊर्जा

प्रस्तावना :

इमारतींच्या संदर्भात सौरऊर्जेचा विषय निघाला की चर्चा बहुधा पॅनेलची क्षमता आणि खर्च यांवर येऊन थांबते. इमारतीत उष्णता कोठून व केव्हा शिरते, हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागे पडतो. विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि विद्यापीठीय परीक्षाही याच सुमारास चालतात. वर्गखोल्या दिवसा वापरात असतात, तर वसतिगृहे रात्री. या दोहोंची गरज एकच मानून केलेले नियोजन अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात या भेदाच्या अनुषंगाने शीतलीकरणाचा विचार केला आहे.

स्लॅबमधील उष्णतेचा प्रवास :

सपाट छताच्या इमारतीत वरच्या मजल्यावरील उष्णतेचा मोठा भाग छतातून येतो. सुमारे 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दुपारी वरून सर्वाधिक तापतो. ती उष्णता खालच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास चार-पाच तास लागतात. परिणामी सूर्य मावळत असताना वसतिगृहाची खोली अधिकच तापू लागते आणि छताचा पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. या वेळी सौर पॅनेलची निर्मिती थांबलेली असते. महाराष्ट्रात 2015 च्या नियमावलीने सुरू झालेल्या नेट मीटरिंगमुळे विजेचा हिशेब जुळतो, हे खरे. परंतु रात्रीचा प्रत्यक्ष भार अन्य वीजनिर्मितीलाच उचलावा लागतो.

म्हणून पहिला उपाय छतावरच करावयास हवा. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने 2007 मध्येच कमी उताराच्या छतांसाठी आरंभीची सौर परावर्तकता किमान 0.70 असावी, असे सुचविले होते. चुन्याची सफेदी हा यातील सर्वांत स्वस्त मार्ग होय. मात्र ती पावसाने धुपते, धुळीने मळते आणि दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावी लागते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक अधिक टिकते.

कूलर आणि पाणी :

वाळ्याच्या ताट्यांपासून आजच्या कूलरपर्यंत विदर्भाने बाष्पीभवनाचाच आधार घेतला आहे. हवा 44 अंश तापलेली आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फुग्याचा तापमापक सुमारे 23 अंश दाखवितो. चांगला कूलर या फरकाच्या 80 टक्क्यांपर्यंत मजल मारू शकतो. म्हणजे हवा 27-28 अंशांपर्यंत उतरते. रत्नागिरीत 34 अंश तापमान व 70 टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा 29 अंशांच्या आसपास असते. तेथे कूलर केवळ दमटपणा वाढवितो. विदर्भातही पहिल्या पावसानंतर हाच अनुभव येतो.

कूलरला वीज थोडी लागते, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे 0.67 युनिट इतकी उष्णता शोषली जाते. ताशी पाच लिटर पाण्याची वाफ करणारा कूलर जवळपास एक टन शीतलीकरण देतो आणि आठ तासांत 40 लिटर पाणी संपवितो. टँकरने पाणी आणणाऱ्या वसतिगृहाने शंभर खोल्यांचा गुणाकार करून पाहावा. छत थंड असेल, तर कूलर कमी तास चालवून भागते.

पॅनेल कोणत्या गच्चीवर?

प्रत्येक किलोवॅटला सुमारे 10 चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. सामान्यतः पॅनेल मुख्य इमारतीवर बसविले जातात. प्रवेशद्वारातून ते दिसावेत, हाही हेतू काही ठिकाणी असतो. परंतु एकाच आवारात वीज तारेने कोठेही नेता येते; सावली नेता येत नाही. पॅनेलची सावली वसतिगृहाच्या स्लॅबवर पडल्यास दुपारची वीज वर्गखोल्यांना मिळते आणि संध्याकाळी खाली उतरणारी उष्णताही घटते. त्यासाठी पॅनेल उंच सांगाड्यावर बसवून खालून वारा खेळता ठेवावा. पॅनेल तापले की त्याची निर्मिती दर अंशामागे सुमारे 0.4 टक्क्याने घटते, त्यामुळे हे अंतर विजेच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते. मात्र सांगाड्याचे पाय रोवताना छताचे जलरोधक अस्तर फुटू नये, याची दक्षता आवश्यक आहे. एकदा गळती सुरू झाली की पॅनेल हलविल्याखेरीज दुरुस्ती होत नाही.